ओढायला नकार देणारा माणूस: एका ध्रुवीय पदकाचं वाचन

आज आम्ही आपल्यासमोर एक पदक वाचणार आहोत. पुस्तक वाचतात, चित्र पाहतात, पदक मात्र छातीवर लावतात आणि मग कपाटात ठेवतात. ते कोणी वाचत नाही. पण पदक हे एक विधान असतं. 'हा माणूस मानाला पात्र आहे' असं ते म्हणतं. विधान म्हटलं की ते खरं की खोटं, हे विचारायचा हक्क आपल्याला मिळतो.

हे पदक ब्रिटनचं पोलर मेडल. १९०४ साली कॅप्टन स्कॉटच्या 'डिस्कव्हरी' मोहिमेतल्या लोकांसाठी ते सुरू झालं आणि पुढच्या मोहिमांनाही तेच देत गेले. आकार अष्टकोनी, फीत पांढरीशुभ्र. कोणाला चांदीचं, कोणाला ब्राँझचं. एका बाजूला राजाचा चेहरा. दुसऱ्या बाजूला मागे 'डिस्कव्हरी' जहाज, आणि पुढे स्लेज, म्हणजे बर्फावरून ओढायची बिनचाकी गाडी, घेऊन निघालेली माणसं. ही मागची बाजू लक्षात ठेवा. आपल्याला तिच्याकडे परत यायचं आहे.

आता शॅकल्टनच्या मोहिमेकडे वळू. १९१४ साली 'एन्ड्युरन्स' जहाज अंटार्क्टिकाकडे निघालं. वेडेल समुद्रात बर्फाने ते जखडलं, चिरडलं, आणि २१ नोव्हेंबर १९१५ रोजी बुडालं. २८ माणसं तरंगत्या बर्फावर राहिली, आणि शेवटी २८च्या २८ जिवंत परतली. ही गोष्ट आता नेतृत्वाच्या वर्गांमध्येसुद्धा शिकवतात. त्या वर्गांत सहसा न सांगितली जाणारी बाब अशी, की या २८ पैकी चौघांना पदक नाकारलं गेलं. शॅकल्टनने त्यांची शिफारसच केली नाही. होलनेस आणि स्टीफन्सन हे इंजिनाच्या भट्टीत कोळसा घालणारे, व्हिन्सेंट हा खलाशी, आणि हॅरी मॅकनिश हा सुतार.

मॅकनिशने काय केलं ते पाहू. एलिफंट बेटावर माणसं पोहोचली, पण तिथे कोणी शोधायला येण्याची शक्यता नव्हती. तेव्हा जेम्स केअर्ड नावाच्या, जेमतेम २२ फूट लांबीच्या होडीतून सुमारे ८०० सागरी मैलांवरच्या साउथ जॉर्जिया बेटावर जायचं ठरलं. दक्षिण महासागर, सुरू होणारा हिवाळा, आणि उघडी होडी. मॅकनिशने हाताशी होतं नव्हतं ते लाकूड लावून तिच्या कडा उंच केल्या, वर कॅनव्हास ताणून छत केलं, फटी बुजवायला चित्रकाराचे तैलरंग आणि सीलचं रक्त वापरलं. २४ एप्रिल १९१६ ला होडी निघाली, १० मे रोजी किनाऱ्याला लागली. होडीत सहा जण होते. त्यांतले दोघे, मॅकनिश आणि व्हिन्सेंट, पदकाविना राहिले. पुढे शॅकल्टन, वर्स्ली आणि क्रीन हे तिघे बेटावरचे बर्फाळ डोंगर ओलांडून व्हेल पकडणाऱ्यांच्या ठाण्यावर गेले, तेव्हा बूट घसरू नयेत म्हणून मॅकनिशने होडीतले स्क्रू काढून त्यांच्या तळव्यांना ठोकून दिले. म्हणजे शॅकल्टनचं प्रत्येक पाऊल या सुताराच्या कामावर पडत होतं.

मग त्याचा गुन्हा कोणता? त्यासाठी चार महिने मागे जावं लागेल. डिसेंबर १९१५ मध्ये शॅकल्टनने होड्या स्लेजवर चढवून बर्फावरून ओढत न्यायचा हुकूम दिला. फुटका बर्फ, गुडघाभर चिखलासारखा हिमाचा लगदा. २७ डिसेंबरला मॅकनिश थांबला. तो म्हणाला, करार जहाजावरच्या नोकरीचा होता. जहाज बुडालं, करार संपला. आता हुकूम मानायला मी बांधील नाही. शॅकल्टनने सगळ्यांना गोळा करून करारपत्र वाचून दाखवलं. मॅकनिश शेवटी उठला आणि चालू लागला. आणि ती ओढाओढ? फारसं अंतर न कापता काही दिवसांतच ती सोडून द्यावी लागली.

आता पदक उलटं करा. मागच्या बाजूला काय आहे? स्लेज आणि माणसं. मॅकनिशने नाकारलं होतं नेमकं तेच. पदक घडवणाऱ्याच्या मनात १९०४ साली हे असणं शक्य नाही, पण चित्राचा अर्थ घडवणाऱ्याच्या हेतूशी संपत नाही. आम्हाला तर यात आणखी एक विसंगती दिसते. 'एन्ड्युरन्स'च्या लोकांना मिळालेल्या पदकावर जहाज आहे ते 'डिस्कव्हरी'. त्यांचं स्वतःचं जहाज समुद्राच्या तळाशी, आणि त्यांना ज्या होडीने वाचवलं ती पदकावर कुठेच नाही. या कलाकृतीला एकच प्रकारचा पराक्रम ठाऊक आहे: रांगेत उभं राहून ओढणं. होडीच्या फटी बुजवणाऱ्या हातांसाठी तिच्यात जागा नाही.

ॲरिस्टॉटलने म्हटलं आहे, की मान हा मिळवणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर जास्त अवलंबून असतो, म्हणून ते अंतिम श्रेय असू शकत नाही. तोच पुढे सांगतो, की वाटप पात्रतेप्रमाणे व्हावं हे सगळ्यांना मान्य असतं. पात्रता म्हणजे काय, इथेच भांडण सुरू होतं. आपलं भांडण नेमकं हेच आहे. पात्रता कशाची? कामाची, की ऐकण्याची?

शॅकल्टनची बाजूही मांडायला हवी, नाहीतर ही समीक्षा न होता फिर्याद होईल. शेकडो मैलांत माणूस नाही, कायदा नाही, पोलीस नाही. तिथे नेत्याचा शब्द ढिला पडला तर सगळेच मरतात. एकाने 'करार संपला' म्हटलं आणि बाकीच्यांनी ते उचललं असतं तर? ही भीती खरी होती. आम्ही तिथे असतो तर आम्हीही मॅकनिशवर चिडलो असतो. आणि सगळ्याच साध्या खलाशांना डावललं असंही नाही. जहाजात चोरून लपून आलेल्या ब्लॅकबोरो या पोरालासुद्धा ब्राँझ पदक मिळालं.

पण या बचावाने फक्त बर्फावरचा राग समजतो. पदकांची यादी बर्फावर झाली नाही. ती नंतर, माणसं वाचल्यावर, कागदावर झाली. होलनेसचं पाहा. पायाखालचा बर्फ दुभंगून तो झोपायच्या पिशवीसकट पाण्यात पडला, तेव्हा शॅकल्टनने स्वतः त्याला ओढून बाहेर काढलं. जीव वाचवताना त्याने पात्रता विचारली नाही. मान देताना मात्र विचारली. मॅकनिशच्या बाबतीत तर क्रम पाहा: नकार आधी, होडी नंतर. नंतरच्या कामाने आधीचा नकार पुसला जात नसेल, तर ते पदक शौर्याचं नाही, चांगल्या वर्तणुकीच्या दाखल्याचं आहे. मोहिमेचा डॉक्टर मॅक्लिन यालाही पुढे हा अन्यायच वाटला.

हे बोलताना आम्ही स्वतःला बाजूला ठेवू शकत नाही. वर्षानुवर्षं आम्ही पारितोषिकांच्या निवड समित्यांवर बसलो. एका वर्षी एका मुलाचं नाव आम्ही मागे ठेवलं. निबंध त्याचाच सर्वांत चांगला होता, पण तो वर्गात उलट बोलायचा. 'एकूण व्यक्तिमत्त्व पाहता' असं आम्ही शेऱ्यात लिहिलं. तो शेरा आज आम्हाला टोचतो. शॅकल्टनला नावं ठेवणं सोपं आहे; आपल्या हातून रोज सुटणारे असे शेरे पकडणं अवघड.

मॅकनिश १९३० साली न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला गरिबीत वारला. मोहिमेत त्याच्याबरोबर एक मांजर होतं, मिसेस चिपी. नाव बाईचं, पण होता बोका. जहाज सोडल्यावर शॅकल्टनच्या हुकमाने त्याला गोळी घातली, आणि मॅकनिशने ते कधी माफ केलं नाही. २००४ साली त्याच्या थडग्यावर त्या बोक्याचा ब्राँझचा पुतळा बसवला. मरणोत्तर पदक द्या, अशीही मागणी लोकांनी केली.

आम्हाला विचाराल, तर आता पदक देऊन फारसं काही साधणार नाही. जेम्स केअर्ड ही होडी लंडनच्या डलिच कॉलेजात आजही जपून ठेवली आहे. कधी तिथे गेलात, तर तिच्या कडा नीट पाहा. पदकाच्या कडेवर मिळवणाऱ्याचं नाव कोरतात. या कडांवर मॅकनिशचं नाव कोरायची गरज नाही. त्या उंच केल्या त्यानेच.

आता आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, आणि उलट बोलायचं असेल तर आधी बोला.