नाव कुठे छापलंय? डॅनी बॉइलचे दोन सिनेमे आणि आमचे पेपर

डॅनी बॉइलचे दोन सिनेमे लागोपाठ बघा. आधी २००० सालचा 'द बीच', मग २००८ चा 'स्लमडॉग मिलियनेअर'. दोन्हींत परदेशी दिग्दर्शक आशियात येऊन शूटिंग करतो आणि स्थानिक माणसांची मदत घेतो. पण मदत म्हणजे नक्की काय, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो पडद्यावर दिसतो. (हा ब्लॉग संशोधनाचा आहे, माहितीय. येतोच तिकडे.)

'द बीच'चं शूटिंग थायलंडच्या फी फी ले बेटावर, माया बे इथे झालं. जागा राष्ट्रीय उद्यानातली, तरी वनखात्यानं परवानगी दिली. १९९९ मध्ये तिथला किनारा रुंद केला, वाळूच्या टेकड्यांवर यंत्रं चालवली, स्थानिक झुडपं काढून नारळ लावले. का? तर पोस्टकार्डावरच्या बेटाला नारळ लागतात. काम झाल्यावर झाडं परत लावून दिली, म्हणजे हिशोब पूर्ण!

इथे थोडं विज्ञान. कोकणच्या किनाऱ्यावर जांभळ्या फुलांची मर्यादवेल तुम्ही पाहिली असेल. वारा वाळू आणतो, वेल ती अडवते, मुळं ती धरून ठेवतात आणि वर्षानुवर्षांनी टेकडी उभी राहते. ती नुसता वाळूचा ढीग नसते. उपटून पुन्हा खोचलेल्या रोपाला पहिल्याच पावसाळ्यात ते काम जमत नाही. क्राबीतल्या लोकांनी दावा लावला. २००६ मध्ये थायलंडच्या सर्वोच्च न्यायालयानं नुकसान झाल्याचं मान्य केलं. पुनर्वसनाचं काम पुढे नेण्याचा आदेश कायम व्हायला २०२२ उजाडलं; स्टुडिओनं त्यासाठी १ कोटी बाट द्यायचं कबूल केलं. दरम्यान सिनेमा बघून पर्यटकांची इतकी झुंबड उडाली की २०१८ मध्ये माया बे बंदच करावी लागली, ती २०२२ च्या जानेवारीत उघडली.

आता सिनेमा बघा. त्या बेटावरचे थाई लोक कोण? बंदुका घेतलेले गांजाचे शेतकरी. बस. परदेशी लोक स्वर्गाची वाट लावतात, ही खरं तर या गोष्टीचीच थीम! पण जिथे स्थानिकांचं काम फक्त परवानगी, होड्या आणि जेवणखाण पुरवणं एवढंच, तिथे त्यांची नजर कॅमेऱ्यामागे पोचणार कशी?

'स्लमडॉग'ला बॉइल शहाणा होऊन आला. थायलंडला मोठा ताफा नेला होता, मुंबईत मोजकी माणसं आणली, हे तो मुलाखतींत सांगतो. लवलीन टंडन कास्टिंगसाठी आल्या आणि 'सह-दिग्दर्शक, भारत' झाल्या. लहान मुलांचा भाग हिंदीत करायचा आग्रह त्यांचाच. सिनेमातला सगळ्यात जिवंत भाग तोच आहे. रसूल पूकुट्टींच्या आवाजाच्या कामाला ऑस्करमध्ये वाटा मिळाला.

पण मग मुलं ट्रेनवरून पडतात, उठतात ती मोठी होऊन, ताजमहालासमोर, आणि इंग्रजी बोलायला लागतात. तिथून माझ्यासाठी सिनेमा लंडनला जातो. आणि मराठी? मुंबईची झोपडपट्टी, मुंबईची पोलीस चौकी, शेवटचा नाच सीएसएमटीच्या फलाटावर, आणि मराठी जवळजवळ ऐकूच येत नाही. ठाण्याहून रोज त्या फलाटावर उतरणाऱ्याला हे खटकणारच. स्थानिक मदतीला अधिकार मिळाला, पण अर्ध्या सिनेमापुरता. दिग्दर्शनाच्या ऑस्करवर नाव एकट्या बॉइलचं.

आमच्याकडे याला 'पॅराशूट सायन्स' म्हणतात. बाहेरचे शास्त्रज्ञ उतरतात, नमुने गोळा करतात, जातात. पेपरमध्ये स्थानिक कुणी नसतं. २०२१ मध्ये 'करंट बायॉलॉजी'त प्रवाळांवरच्या सुमारे ५० वर्षांच्या पेपरांची मोजणी छापून आली. इंडोनेशिया आणि फिलिपिन्समध्ये क्षेत्रकाम केलेल्या पेपरांपैकी ४० टक्क्यांत त्या देशातला एकही लेखक नव्हता. ऑस्ट्रेलियासाठी हाच आकडा २२ टक्के. प्रवाळ त्यांचे, समुद्र त्यांचा, होडीसुद्धा त्यांचीच.

आणि हे फक्त गोरे लोक करतात असं नाही हं. ठाणे खाडीत कुठल्या ओहोटीला कुठला गाळ उघडा पडतो हे कोळीबांधवांना तोंडपाठ असतं. आपण विद्यापीठवाले त्यांच्या होडीत बसतो आणि त्यांना 'आभार' या भागात ढकलतो. लेखकत्वाचे प्रचलित नियम तर याला साथच देतात. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची जी चार अटींची यादी सगळीकडे वापरतात, तिच्यानुसार नुसता डेटा गोळा करून लेखक होता येत नाही. लिखाणातही सहभाग हवा, अंतिम मसुद्याला मान्यताही. लिखाण इंग्रजीत. म्हणजे जागा कुठली निवडायची हे ज्यानं ठरवलं तो माणूस, मसुदा वाचता येत नाही म्हणून बाहेर. टंडन यांना निदान सेटवर 'हे हिंदीत करा' म्हणता आलं.

आमच्या होडीवाल्या काकांचं नाव पुढच्या पेपरमध्ये कुठे घालायचं यावर गाईडशी बोलणं चालू आहे. मसुदा मराठीत करून त्यांना वाचून दाखवायचा, असं सध्या ठरतंय.