बुडत्या देशाचा राष्ट्राध्यक्ष

किरिबाटी वरून पाहिला की फार सुंदर दिसतो. (लिहितात किरिबाटी, तिथले लोक म्हणतात 'किरिबास'.) मॅथ्यू रिट्झ हा छायाचित्रकार. त्यामुळे त्याच्या 'अनोटेज आर्क' (२०१८) या माहितीपटात आकाशातून टिपलेली दृश्यं भरपूर आहेत. निळ्या पाण्यात जमिनीची एक बारीक रेघ आणि त्या रेघेवर वसलेली माणसं. फोनच्या स्क्रीनवरही डोळे निवतात. माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

चित्रपटात दोन गोष्टी शेजारी-शेजारी चालतात. एक अनोटे टाँग यांची. २००३ ते २०१६ अशा तीन कार्यकाळांत ते राष्ट्राध्यक्ष होते आणि समुद्र आपला देश गिळतोय हे जगाला सांगत फिरत होते. दुसरी सहा मुलांच्या एका आईची, जी न्यूझीलंडला जाते. नावातच नोहाची नौका आहे, म्हणजे टाँग कोण ते आपल्याला आधीच सांगून टाकलंय. व्हॅटिकन, पॅरिसची हवामान परिषद, परदेशी सभागृहं. सगळीकडे हा शांत, थकलेला माणूस तेच सांगतो आणि लोक टाळ्या वाजवतात.

पण टाँग हे संत नव्हेत, पक्के राजकारणी आहेत. जन्म १९५२चा, ताबुआएरान बेटावरचा. वडील चीनमधून येऊन इथे स्थायिक झालेले, म्हणजे स्थलांतर घरातच होतं. शिक्षण न्यूझीलंड आणि लंडनमध्ये. २००३च्या निवडणुकीत त्यांनी हरवलं ते सख्ख्या भावाला, हॅरी टाँग यांना! आणि त्याच वर्षी तैवानशी राजनैतिक संबंध जोडून चीनला दुखावलं. बेटावरचं चीनचं उपग्रह केंद्र बंद झालं. असा माणूस 'आम्ही बुडतोय' म्हणतो, तेव्हा त्या वाक्यात दुःखाबरोबर हिशोबही असणार. चित्रपटाला दुःख दिसतं, हिशोब फारसा दिसत नाही.

त्यांच्या सरकारने फिजीच्या वानुआ लेवू बेटावर चर्च ऑफ इंग्लंडकडून सुमारे २० चौरस किलोमीटर जमीन घेतली. किंमत जवळजवळ ८८ लाख अमेरिकन डॉलर. जगभर मथळे झाले : देशाने देशासाठी जमीन घेतली. त्या जमिनीवर आधीच एक गाव होतं. मजूर म्हणून आणलेल्या सॉलोमन बेटवासीयांचे वंशज तिथे राहत होते. एका विस्थापिताची सोय दुसऱ्या विस्थापिताच्या अंगणात. आणि त्याच भागात राबी नावाचं बेट आहे. किरिबाटीतल्याच बनाबा बेटावरचं फॉस्फेट ओरबाडल्यावर १९४५ साली ब्रिटिशांनी बनाबाच्या लोकांना तिथे नेऊन ठेवलं. 'पुनर्वसन' हा शब्द मराठी वाचकालाही का टोचतो, हे वेगळं सांगायला नको.

टाँग यांचं 'सन्मानाने स्थलांतर' हे धोरण या इतिहासासमोर ठेवून वाचायला हवं. निर्वासित होऊन कुणाच्या दारात उभं राहण्यापेक्षा आत्ताच शिका, कौशल्य घ्या, कामगार म्हणून ताठ मानेने जा. मला हा विचार धाडसी वाटतो. पण वीस वर्षांच्या मुलाला त्याचा राष्ट्राध्यक्ष 'जायची तयारी ठेव' म्हणतो, तेव्हा तो मुलगा गावात विहीर कशाला खोदेल? २०१६ साली आलेले तानेती मामाऊ यांनी स्थलांतराची भाषा बाजूला ठेवली आणि इथेच राहायचं म्हणून विकासावर भर दिला. टाँग यांनी फिनिक्स बेटांभोवतीच्या चार लाख चौरस किलोमीटर समुद्रात २०१५पासून व्यावसायिक मासेमारी बंद केली होती. ती उठवायचा निर्णय मामाऊ सरकारने २०२१ साली घेतला. परवान्यांच्या पैशावर देश चालतो; जगाच्या कौतुकावर चालत नाही. हा वाद रिट्झने मुळापर्यंत न्यायला हवा होता. टाँग त्याने लहान झाले नसते, उलट माणूस म्हणून दिसले असते.

ती कसर भरून काढते ती दुसरी गोष्ट. न्यूझीलंड तेव्हा किरिबाटीच्या लोकांना वर्षाला ७५ जागा देत असे, त्याही सोडत काढून. त्या सोडतीतून ही बाई निघते. कॅमेरा आकाशातून खाली उतरतो, तिच्या घरात, तिच्या मुलांमध्ये. नौका, नोहा, प्रलय यातलं काहीच तिच्या बोलण्यात नसतं. तिला काम हवंय आणि मुलं जवळ हवीत. तिच्यामुळेच मी हा माहितीपट दुसऱ्यांदा पाहिला, आणि टाँग यांचे काही प्रसंग पुढे ढकलले.