शिक्का आपल्या हाती

मराठीतला 'खेळ' हा शब्द मोठा उदार आहे. नाटकाचा खेळ लागतो, तमाशाचा खेळ रंगतो, आणि पोरे अंगणात मांडतात तोही खेळच. तेव्हा ज्या कलाप्रकाराला प्रतिष्ठित मंडळी अद्याप पोरखेळ म्हणून हिणवतात, त्या व्हिडिओ गेमविषयी लिहिताना निदान भाषेची तरी मला आडकाठी नाही. मुलकी खात्यात तीस वर्षे फेरफारांच्या नोंदी तपासून निवृत्त झालेल्या माणसाने गेले संपूर्ण वर्ष भाच्याच्या जुन्या संगणकापुढे घालवावे, हे घरात कोणाला रुचले नाही. मलाही प्रारंभी त्याची थोडी लाज वाटे.

ती लाज मोडली ल्यूकस पोप यांच्या 'पेपर्स, प्लीज' (२०१३) या खेळाने. आर्स्टॉट्झ्का नावाचे कल्पित राज्य, सन १९८२चा नोव्हेंबर, सोडतीत नशिबी आलेली सरहद्दीच्या नाक्यावरची कारकुनी, आणि समोर माणसांची न संपणारी रांग. पारपत्र घ्यावे, मुदत पाहावी, छबी चेहऱ्याशी ताडावी आणि हिरवा किंवा तांबडा शिक्का मारावा, एवढेच काम. रोज नवा हुकूम येतो, रोज एक दाखला वाढतो आणि वेतन मात्र दिवसभरात निकालात काढलेल्या माणसांच्या संख्येवर. एके दिवशी एक गृहस्थ रीतसर कागद दाखवून पार होतो आणि जाता जाता विनवतो की मागून माझी पत्नी येत आहे, तिला सांभाळून घ्या. पत्नी येते. तिच्यापाशी प्रवेश-परवाना नाही. मी कितीतरी वेळ शिक्क्यांची फळी पुढे ओढून स्वस्थ बसून राहिलो, आणि घरी मुलगा, पत्नी, सासू व मामा थंडीत कुडकुडत आहेत हे आठवून अखेर तांबडा शिक्का मारला.

येथे आपल्या काव्यशास्त्राला अडचण पडते असे मला वाटते. भट्टनायक-अभिनवगुप्तांच्या विवेचनाप्रमाणे रंगभूमीवरचे दुःख साधारणीकृत होते, म्हणजे ते ना नटाचे राहते ना प्रेक्षकाचे, आणि म्हणूनच करुणही आस्वाद्य ठरतो. परंतु ज्या दुःखावर माझ्याच हातचा शिक्का उमटला आहे ते साधारणीकृत व्हावे तरी कसे? त्या बाईला परत पाठवल्यावर मला जे वाटले तो करुणरस नव्हता. ती शुद्ध टोचणी होती, आणि टोचणीला रसांच्या यादीत स्थान नाही. या कलेचे स्वत्व मी तिथे मानतो. चित्र, संगीत, कथानक ही तिने इतरांकडून उसनी आणलेली भांडी होत.

या कसोटीवर वर्षभरातील पुष्कळ कीर्तिमंत कृती मला उण्या वाटल्या. 'डिस्को एलिझियम'चे (२०१९) गद्य अप्रतिम, मद्याने स्मृती गमावलेल्या त्या पोलिसाच्या डोक्यातील चोवीस वृत्तींचे भांडण तर लाजवाब, पण मी बहुतांश वेळ कादंबरीच वाचत होतो. पुण्यात घडलेला 'राजी: अॅन एन्शन्ट एपिक' (२०२०) मी अर्थात अभिमानाने उघडला, राजस्थानी महालांची ती शोभा, दुर्गा-विष्णूंचे निवेदन, छायाबाहुल्यांनी सांगितलेल्या पुराणकथा पाहून मन प्रसन्न झाले, मात्र डोळ्यांची अशी चैन चालू असताना हाताला काम काय, तर एकामागून एक असुर झोडपणे. आपली मंडळी रंगवतात उत्तम. खेळणाऱ्यावर जोखीम टाकण्यास अद्याप कचरतात.

पोप यांचाच 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (२०१८) हा पुन्हा दप्तरी खेळ आहे, आणि माझ्या मते वर्षातला सर्वश्रेष्ठ. ईस्ट इंडिया कंपनीचे बेपत्ता जहाज १८०७ साली निर्मनुष्य परत येते; जहाजावरच्या साठ जीवांपैकी कोणाचे काय झाले हे कंपनीच्या विमा-तपासनिसाने वहीत भरावयाचे. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांनी रेखलेल्या त्या जहाजावर प्रत्येक प्रेतापाशी एक घड्याळ मृत्यूचा क्षण गोठवून दाखवते, आणि तीन नोंदी बिनचूक झाल्या की त्या एकदम कायम होतात. (जहाज बेपत्ता ठरले ते १८०३ साली, त्याच साली खऱ्या कंपनी सरकारने असईस शिंदे-भोसल्यांचा मोड केला. खेळात त्याचा उल्लेख नाही, पण मराठी माणसाला तो आठवल्यावाचून राहत नाही.)

अधिकाऱ्यांची नावे बोलण्यातून उलगडत गेली. हिंदुस्थानी खलाशी मात्र माझ्याकडून सर्वांच्या शेवटी राहिले. नावानिशी हाक त्यांना कोणी मारलेली मला ऐकू आली नाही, आणि झोळ्यांवरच्या क्रमांकांवरून माग काढण्याचा धीर माझ्यापाशी उरला नव्हता. म्हणून तीन नावे नुसती अदलून बदलून टाकत बसलो. चौथ्या खेपेस वहीने ती निमूटपणे मान्य केली, आणि अजमासाने भरलेल्या त्या रकान्यांतून पक्की छापील अक्षरे उमटली. असले रकाने मी कचेरीतही भरले आहेत. तिथेही ते मंजूरच होत असत.