‘स्मृतिस्थळा’तील नागदेवाचार्य: पंथनेतृत्वाचा एक विचार

नागदेवाचार्यांच्या नेतृत्वाची चर्चा बहुधा त्यांच्या मराठीच्या आग्रहापाशी येऊन थांबते. केशोबासांनी संस्कृतात रचना करू म्हटले, तेव्हा त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या नाडल्या जातील असे सांगून आचार्यांनी त्यांना रोखले, हा ‘स्मृतिस्थळा’तील प्रसंग सर्वपरिचित आहे. अभ्यासक त्यात भाषाभिमान पाहतात. हा अर्थ सोयीचा खरा, परंतु प्रसंगाला धरून नाही. आचार्यांना चिंता आहे ती भाषेची नव्हे, म्हाताऱ्यांची.

या चिंतेचे मर्म उमगण्यास त्याच काळातील एका परकीय पंथाचे उदाहरण उपयोगी पडते. टेम्प्लर हा क्रूसेडच्या धर्मयुद्धांतून निपजलेला शस्त्रधारी पंथ. झाक द मोले हा त्याचा अखेरचा प्रमुख. १२९१ मध्ये आक्र पडले आणि पंथाचे प्रयोजनच हरपले. मोलेने पोपपुढे निवेदने मांडली, दुसऱ्या पंथात विलीन होण्यास विरोध केला, नव्या मोहिमेची आशा धरली. १३०७ मध्ये फ्रान्सच्या राजाने टेम्प्लरांना कैद केले, १३१२ मध्ये पोपने पंथ मोडला आणि १३१४ मध्ये मोलेला पॅरिस येथे जिवंत जाळण्यात आले. किल्ले, जमिनी व सनदा यांवर उभा असलेला पंथ त्या हातच्या जाताच संपला.

नागदेवांपुढील पेचही आधार सुटल्याचाच होता. श्रीचक्रधरांच्या उत्तरापंथगमनानंतर ते इतर शिष्यांसह रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. पुढे गोविंदप्रभूही गेले आणि अनुयायांचा भार त्यांच्यावर आला. अहिंसा आणि भिक्षा हा ज्यांचा आचार, त्यांच्यापाशी गढी कोठली आणि इनाम कोठले? होती ती केवळ स्मृती. म्हाइंभटांनी लीळा जमविल्या त्या स्वामींना प्रत्यक्ष पाहिलेल्यांना गाठून, विचारून. आणि स्वामींच्या सहवासात वावरलेल्यांत महदाइसेसारख्या स्त्रिया पुष्कळ होत्या. तात्पर्य, म्हाताऱ्या या निरूपणाच्या श्रोत्या तर होत्याच, पण पंथाच्या साक्षीदारही होत्या. शास्त्र संस्कृतात गेले असते, तर ज्यांच्या आठवणीवर ते उभे होते त्यांनाच ते पारखे झाले असते. आचार्यांचा निर्णय व्यवहारी आहे. त्याचे मोल त्यामुळे उणावत नाही, उलट वाढते.

तुलना मात्र ताणू नये. टेम्प्लरांची नियमावलीही लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणावी लागली होती, कारण त्यांच्या योद्ध्यांना लॅटिन अवगत नव्हते. देशी भाषेची निकड त्यांनाही कळली होती. शिवाय ‘स्मृतिस्थळ’ हे शिष्यपरंपरेने मागाहून सिद्ध केलेले; त्यातील आचार्य आदराच्या नजरेतूनच दिसतात.

आचार्यांच्या वारशाचा पुढील इतिहास अधिक विचार करावयास लावणारा आहे. चौदाव्या शतकापासून पंथीयांनी आपले ग्रंथ सकळादी सांकेतिक लिप्यांत बद्ध केले. त्यामुळे पाठ पुष्कळ अंशी शुद्ध राहिले. पण पंथाबाहेर, तर्ककुतर्कांना रान मोकळे झाले. टेम्प्लरांच्या गुप्त सभांविषयीही असाच संशय माजला होता व तो त्यांना भोवला. मराठीचे हे आद्य गद्य विसाव्या शतकापर्यंत पंथेतरांना जवळजवळ अज्ञात होते. ते उजेडात आणणाऱ्यांत यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे हे एक प्रमुख. त्यांनी ज्या वऱ्हाडात हे काम केले, तेथील दिग्रस-दारव्ह्याच्या वाचकालाही शेजारच्या रिद्धपुरात म्हाताऱ्यांसाठी राखलेली ही मराठी तोवर वाचता येत नव्हती.