खर्ड्याची म्हणविणारी दुनळी : काळ आणि मोल

परभणीकडील एखाद्या जुन्या वाड्यांत भिंतीवरची दुनळी दाखवून ती खर्ड्याच्या लढाईंतील आहे असें कोणीं सांगितलें, तर संशोधकानें तें टिपून ठेवावें. परंतु तेवढ्यावरून काळनिर्णय करूं नये. पोथीचा काळ ठरवितांना आपण कागद, अक्षरवळण व पुष्पिका पाहतों. शस्त्रांच्या बाबतींत मात्र दंतकथेवर भिस्त ठेवण्याची संवय अद्याप सुटलेली नाहीं. ती सुटली पाहिजे.

प्रथम चाप पाहावा. खर्ड्याची लढाई ११ मार्च १७९५ रोजीं झाली. त्या वेळच्या बंदुका तोड्याच्या किंवा चकमकीच्या. आघातानें पेटणाऱ्या मसाल्याच्या चापाचें पेटंट फॉर्साइथ नामक स्कॉटिश धर्मोपदेशकानें १८०७ सालीं घेतलें. तांब्याची टोपी त्याच्याही मागाहून प्रचारांत आली. सबब टोपीच्या घोड्याची दुनळी आजच्या रूपांत खर्ड्यास असणें अशक्य आहे. तथापि चकमकीच्या पुष्कळ बंदुकांस पुढें टोपीचे घोडे बसविण्यांत आले. म्हणून नळी, चाप व दस्ता यांचा विचार निरनिराळा करावा.

दुसरा पुरावा नळीच्या बुडाशीं असलेल्या ठशांचा. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ च्या कायद्यानें स्थापन झालें. त्याचा ठसा असलेली नळी तेथें त्यापूर्वीं तपासली गेलेली असूं शकत नाहीं. ठशावरून काळाची पलीकडची मर्यादा निश्चित होते, हें ध्यानांत ठेवावें. नळीवरील ‘१२’ हा आंकडा सालाचा नव्हे. नळींत बरोबर बसणाऱ्या बारा शिशाच्या गोळ्यांचें वजन एक रत्तल भरतें, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरा पुरावा कोरलेल्या सनाचा, आणि येथेंच अधिक घोटाळा होतो. ‘१२०९’ हा आंकडा हिजरी मानल्यास १७९४-९५ येतें व खर्ड्याशीं जुळतें. फसली मानल्यास १७९९-१८००, आणि सुहूर मानल्यास १८०८-०९. खर्ड्याचें फसली साल १२०४ व सुहूर साल ११९५ होय. परभणी सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राज्यांत असल्यामुळें तेथील दप्तरांत फसली सनाचा व्यवहार सर्रास होता. सोयीचा सन निवडून आंकडा लढाईस चिकटविणें म्हणजे संशोधन नव्हे. शिवाय सन मागाहूनही कोरतां येतो. त्याचा चापाशीं व ठशांशीं मेळ बसलाच पाहिजे.

आतां मोलाविषयीं. गंज घासून नळी चकचकीत केली, तर ठसे पुसट होऊन उत्तम साक्षीदारच नाहींसा होतो. परंतु याहून मोठी हानि निराळी आहे. गिऱ्हाईक बंदूक घेऊन जातें आणि तिच्या खरेदीचा कागद, परवाना, शस्त्रांची याद ज्या रुमालांत असते तो रुमाल माळ्यावर वाळवीच्या स्वाधीन होतो. कागदाविना बंदूक हें केवळ लोखंड व लांकूड. कागदासह ती घराण्याच्या इतिहासाचें साधन ठरते. १९७२ च्या पुरावस्तु कायद्यानें शंभर वर्षांच्या वस्तूंस व पंचाहत्तर वर्षांच्या महत्त्वाच्या हस्तलिखितांस संरक्षण दिलें आहे. पण वस्तु व कागद यांची ताटातूट कायद्यानें थांबत नाहीं. ती संग्राहकानेंच थांबवावयाची आहे.

म्हणून दुनळी खर्ड्याची न ठरली तरी मालकानें खिन्न होऊं नये. शंभर वर्षांनीं अलीकडची, पण कागदानिशीं सिद्ध झालेली बंदूक ही खोट्या कीर्तीच्या बंदुकीपेक्षां इतिहासास अधिक उपकारक आहे.