आज्ञेने लिहिलेले आत्मचरित्र : आविलाची तेरेसा

‘तेरेसा’ हे नाव उच्चारताच आपल्याकडील वाचकांच्या डोळ्यांपुढे कलकत्त्याच्या मदर तेरेसा उभ्या राहतात, आणि ते स्वाभाविकच आहे. त्यांनी हे नाव घेतले ते फ्रान्समधील लिझ्य गावच्या तेरेझवरून. आणि ती तेरेझ ज्या पंथाच्या मठात राहिली व वारली, त्या पंथाची प्रवर्तक होती सोळाव्या शतकातील स्पेनमधल्या आविला नगरीची तेरेसा. प्रस्तुत लेखाचा विषय ही तिसरी, परंतु कालक्रमाने पहिली, तेरेसा होय. ती संत होती असा निर्णय तिच्या धर्मसंस्थेने १६२२ साली दिला. ज्यांचा देह गोव्यात आहे त्या फ्रान्सिस झेवियर यांनाही त्याच दिवशी संतपद मिळाले. त्या निर्णयाशी येथे आपल्याला कर्तव्य नाही. मला विचार करावयाचा आहे तो एका लेखिकेचा, आणि तिने ज्या परिस्थितीत लिहिले त्या परिस्थितीचा.

आपल्यापैकी पुष्कळांचे आयुष्य वरिष्ठांसाठी टिपणे आणि अहवाल लिहिण्यात जाते. काय लिहावे, काय गाळावे, कोणते वाक्य पुढे अंगाशी येईल, याचा अंदाज हळूहळू बोटांत मुरतो. आणि मग एके दिवशी असे ध्यानात येते की, आपण लिहिलेल्या कागदांत आपण स्वतः कोठेच नाही. तेरेसाचे आत्मचरित्र हा असाच, वरिष्ठांच्या आज्ञेवरून लिहिलेला एक अहवाल आहे. वाचणारे तिचे न्यायाधीशच होते आणि चुकीचे प्रायश्चित्त बदलीवर भागणारे नव्हते. असे असूनही त्या अहवालाच्या पानापानांतून लिहिणारी बाई आपल्याला दिसते, ऐकू येते. हे कसे घडले, हाच माझ्या दृष्टीने तिच्या वाङ्मयाविषयीचा खरा प्रश्न आहे.

तेरेसाचा जन्म २८ मार्च १५१५ चा. आईला वीरकथांच्या कादंबऱ्यांचे वेड होते आणि ते मुलीने उचलले. लहानपणी ती रोद्रिगो नावाच्या भावाला घेऊन, मूर लोकांच्या मुलुखात जाऊन धर्मासाठी शिरच्छेद करून घ्यावा म्हणून घरून निघाली होती. १५३५ साली ती आविलाच्या ‘एन्कार्नासिओन’ मठात दाखल झाली. पुढे ती इतकी आजारी पडली की, १५३९ मध्ये लोकांनी तिला मृत समजून थडगेही खणून ठेवले होते. त्या दुखण्यातून उठल्यावर जवळजवळ तीन वर्षे तिचे हातपाय लुळे होते. मठात शंभराहून अधिक स्त्रिया राहत. सधन घरच्या संन्यासिनींना स्वतंत्र दालने होती आणि भेटीच्या खोलीत शहरातील मंडळींची वर्दळ असे. या वातावरणात तेरेसाने सुमारे वीस वर्षे काढली; संभाषणचतुर म्हणून ती लोकप्रियही होती. तिच्या जीवनाला निर्णायक वळण मिळाले ते १५५४ साली, वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर. आपल्या संतचरित्रांतून वैराग्य बहुधा बाळपणीच प्रकट होते. तेरेसाची कथा उशिरा जाग आलेल्या माणसाची आहे, आणि म्हणूनच ती तुम्हा-आम्हाला अधिक जवळची वाटावी.

यानंतर तिला जे अनुभव येऊ लागले त्यांनी तिचे धर्मगुरू अस्वस्थ झाले. काळ कठीण होता. १५५९ साली इन्क्विझिशनने निषिद्ध ग्रंथांची यादी काढली आणि लोकभाषेतील प्रार्थनाविषयक पुस्तके वाचकांच्या हातून काढून घेतली. लॅटिन न जाणणाऱ्या स्त्रियांना वाचावयास फारसे काही उरले नाही. अशा वेळी एक स्त्री, कोणाच्या मध्यस्थीशिवाय, अंतःकरणात ईश्वराशी बोलते म्हणजे काय? हा ईश्वर की सैतान? निर्णय करण्यासाठी त्यांनी तिला सर्व काही लिहून काढण्यास सांगितले. पहिला खर्डा १५६२ मध्ये पुरा झाला. आज उपलब्ध आहे तो १५६५ चा, चाळीस प्रकरणांचा.

या ग्रंथात, आपण अडाणी बाई आहोत, आपल्याला शास्त्र कळत नाही, असे तेरेसा शेकडो वेळा म्हणते. या विनयाविषयी टीकाकारांत दोन पक्ष आहेत. भाविक पक्ष तो अक्षरशः खरा मानतो : ही निरक्षरप्राय भगिनी, आणि लेखणी चालवणारा ईश्वर. अलीकडचा अभ्यासक पक्ष त्याला डावपेच समजतो. विद्वान पुरुषांच्या दरबारात बाईला बोलता यावे म्हणून तिने पांघरलेला तो शेला होय, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्या पक्षाच्या हाती पुरावा भक्कम आहे. तिची चारशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत. संघर्षाच्या काळातील पत्रांत ती स्वतःला आणि विरोधकांना सांकेतिक नावांनी संबोधते. अशी बाई भोळी होती असे कोण म्हणेल?

तरीही डावपेच या शब्दाने माझे समाधान होत नाही. डावपेचाच्या विनयापुढचे वाक्य नेहमी गोलमाल असते. ‘मला कळत नाही’ ही तेथे पळवाट असते. तेरेसाच्या लेखनात याच्या नेमके उलट घडते. मला शब्द सापडत नाहीत असे म्हणून ती थांबत नाही. घरातली, परसातली, शेतातली एखादी वस्तू उचलते आणि विलक्षण अचूकपणे आपला अनुभव सांगून मोकळी होते. बागेला पाणी देण्याचे तिचे रूपक सुप्रसिद्ध आहे. ते आपण कोठे वाचले की ऐकले, हे आठवत नसल्याचे ती आधीच सांगून टाकते. प्रार्थना म्हणजे बाग शिंपणे. तिचे चार प्रकार. पहिल्यात विहिरीचे पाणी हाताने शेंदावयाचे. कष्ट पुष्कळ, पाणी थोडे. दुसऱ्यात रहाट असतो; श्रम कमी, पाणी अधिक. तिसऱ्यात ओढ्याचा पाट बागेत वळवलेला असतो. माळ्याने फक्त वाट करून द्यावयाची. चौथा प्रकार म्हणजे पाऊस. तेथे माळ्याकडे काहीच काम नाही. ज्याने कोकणातल्या वाडीत पहाटे रहाटाची करकर ऐकली आहे, त्याला हे समजण्यास कोणत्याही भाष्याची गरज नाही.

पण खरी मार्मिकता पुढे आहे. विहीर कोरडी पडली तर? पोहरा रिकामाच वर येऊ लागला तर? तरीही माळ्याने कामावर यावे, कारण बाग त्याची नाही, मालकाची आहे, असे तेरेसाचे उत्तर आहे. वर्षानुवर्षे स्वतः रिकामा पोहरा ओढल्याशिवाय हे लिहिता येत नाही. विनय डावपेच असेलही. या ओळींतील अनुभव डावपेच नाही. दुसऱ्या ग्रंथात रेशमाच्या किड्याची उपमा देताना, तो आपण कधी पाहिलेला नाही, नुसता ऐकला आहे, तेव्हा चूक झाल्यास दोष आपला नव्हे, असे ती मिस्कीलपणे बजावते. स्वतःच्या माहितीची मर्यादा इतक्या चोखपणे नोंदवणारी लेखिका आत्म्याविषयी बोलते तेव्हा आपण तिच्यावर विश्वास ठेवू लागतो.

मग या अहवालात काही लपवलेले नाही काय? आहे. तिचे आजोबा हे तोलेदोचे ज्यू वंशाचे धर्मांतरित व्यापारी होते आणि १४८५ साली इन्क्विझिशनने त्यांना जाहीर प्रायश्चित्त दिले होते, ही गोष्ट एका जुन्या दाव्याच्या कागदपत्रांवरून थेट १९४६ मध्ये उजेडात आली. तेरेसाने तिचा उल्लेख कोठेही केलेला नाही. परंतु तिचे मूळ वाक्य पाहावे. आपले घराणे थोर वा शुद्ध रक्ताचे होते असे ती म्हणत नाही. आईवडील सदाचारी होते एवढेच म्हणते. गाळणे आणि खोटे लिहिणे यांत अंतर आहे. तिने पहिले केले, दुसरे केले नाही. कुळाच्या प्रतिष्ठेची हाव ही मठांना लागलेली कीड आहे, असा तिचा हल्ला ग्रंथाग्रंथांतून चालू असतो. आता त्यामागचे दुःखही आपल्याला कळते. ‘पूर्णतेचा मार्ग’ या ग्रंथाच्या पहिल्या प्रतीत, जगातील न्यायाधीश सारे पुरुषच असल्यामुळे स्त्रियांचा कोणताही गुण त्यांना संशयास्पद वाटतो, अशा आशयाचा एक परिच्छेद होता. तो हस्तलिखितावर खोडलेला आहे. दुसऱ्या प्रतीत तिने तो घेतला नाही. या ठिकाणी तिने माघार घेतली, हे मान्य केले पाहिजे.

तिची सुधारणा तिच्या गद्याइतकीच व्यवहारी होती. २४ ऑगस्ट १५६२ रोजी तिने आविलात सान होसे हा छोटा मठ उघडला. संन्यासिनी अवघ्या तेरा, उत्पन्न नाही, भेटीगाठींची वर्दळ नाही. नगरसभेने लगेच त्याविरुद्ध दावा मांडला. पण १५६७ पासून मृत्यूपर्यंत झाकलेल्या बैलगाड्यांतून आणि खेचरांवरून प्रवास करीत तिने मठांची संख्या सतरापर्यंत नेली. क्रूसाचा योहान या तरुण साधूला साथीला घेऊन पुरुषांच्या मठांतही सुधारणेचा आरंभ केला. एबोलीची राजकन्या आश्रयदाती होती, ती वैरीण झाली आणि आत्मचरित्राची तक्रार इन्क्विझिशनकडे गेली. हस्तलिखित तिकडे अडकून पडले असता, २ जून १५७७ रोजी, पुन्हा एकदा वरिष्ठांच्या आज्ञेवरून, बासष्ट वर्षांच्या या बाईने ‘अंतरीचा किल्ला’ लिहावयास घेतला. डोक्यात सारखा घोंघावणारा आवाज होता, आणि हाही अडथळा तिने ग्रंथातच नोंदवला. २९ नोव्हेंबरला ग्रंथ पुरा झाला. त्यानंतर आठवडाही लोटला नाही तोच विरोधकांनी योहानला पळवून नेऊन कोंडून ठेवले.

या ग्रंथात आत्मा हा सात महालांचा किल्ला कल्पिला आहे. रचनेच्या दृष्टीने तो निर्दोष नाही. सत्तावीस प्रकरणांपैकी अकरा एकट्या सहाव्या महालाने खाल्ली आहेत. विषयांतरे पुष्कळ, पुनरुक्तीही. काय लिहिले होते ते आठवत नाही आणि मागे वळून वाचण्यास सवड नाही, असे ती सांगते. परंतु अखेर पाहण्यासारखी आहे. शेवटच्या महालात पोहोचलेला जीव तेथे डोळे मिटून बसत नाही. तो सेवेला लागतो. बायबलमधल्या दोघी बहिणी, राबणारी मार्था आणि प्रभूच्या पायाशी बसणारी मरिया, यांनी एकत्र नांदले पाहिजे, असा तिचा निष्कर्ष आहे. बेर्निनीने सतराव्या शतकात घडवलेल्या प्रसिद्ध शिल्पामुळे जगाला तेरेसा म्हणजे मूर्च्छेत मागे कललेली स्त्री एवढेच ठाऊक आहे. शिल्प अप्रतिम, पण ज्या बाईने घरभाडी, कर्जे आणि दावे निस्तरले, ती त्यात नाही.

तेरेसा वाचताना मला वारंवार आपल्या शिऊरच्या बहिणाबाईची (१६२८–१७००) आठवण होते. तिनेही आत्मनिवेदन लिहिले. तुकोबांना गुरू मानले म्हणून नवऱ्याचा मार खाल्ला आणि तो अभंगांत सांगितला. मात्र तिच्यामागे कोणत्या धर्मन्यायसभेची आज्ञा नव्हती. तिचे न्यायालय घरातच होते. दोघींत श्रेष्ठ कोण हा प्रश्न निरर्थक आहे. दोघींनाही बोलण्याची मुभा नव्हती आणि दोघींनीही भक्तीच्या आधारे ती मिळवली, एवढे साम्य मला पुरेसे वाटते.

४ ऑक्टोबर १५८२ रोजी आल्बा दे तोर्मेस येथे तेरेसा वारली. पंचांगसुधारणेमुळे दुसऱ्या दिवशी तारीख पडली १५ ऑक्टोबर. तिचे ग्रंथ कवी व पंडित लुईस दे लेओन याने संपादून १५८८ मध्ये सालामांका येथे छापले. तो स्वतः इन्क्विझिशनच्या तुरुंगात राहून आलेला होता. १९७० साली पोपनी तिला ‘धर्मसभेची आचार्य’ ही पदवी दिली. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. ज्या बाईला शास्त्रात तोंड घालण्याचा अधिकार आहे की नाही, याची चौकशी झाली होती, तीच आचार्य ठरली.

चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे आज अभ्यासकांखेरीज कोणाला ठाऊक नाहीत. त्यांनी मागवलेला अहवाल मात्र लोक अजून वाचतात. कागद कोणाच्या आज्ञेने लिहिला, याला अखेर फारसे महत्त्व राहत नाही. लिहिताना पोहरा खरोखर विहिरीत सोडला होता की नाही, एवढेच वाचणाऱ्याला कळते. आणि ते कळल्यावाचून राहत नाही.