जॉन ल कारे : हेरकथेतील आपपरभाव

हेरकथा आणि रहस्यकथा यांना समीक्षकांनी सहसा वाङ्मयाच्या ओसरीवरच बसविले आहे. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारने आणि काळ्या पहाडाने असंख्य वाचकांना रात्री जागविल्या. पण वाङ्मयेतिहासात त्यांची बोळवण एखाददुसऱ्या वाक्यात होते. जॉन ल कारे (१९३१–२०२०) या इंग्रज कादंबरीकाराच्या बाबतीत ही सोय उरत नाही. सुमारे साठ वर्षांत त्याने पंचवीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतील सारे रहस्य अखेर एका प्रश्नापाशी येऊन थांबते : माणसाने आपले कोणाला म्हणावे?

डेव्हिड कॉर्नवेल हे त्याचे खरे नाव. ब्रिटिश गुप्तहेर खात्यात नोकरी करीत असतानाच त्याने लेखनास आरंभ केला आणि खात्याच्या नियमामुळे टोपणनाव घेतले. ‘कॉल फॉर द डेड’ (१९६१) या पहिल्याच कादंबरीत जॉर्ज स्मायली अवतरला : बुटका, स्थूल, कपड्यांचे भान नसलेला, जर्मन काव्याचा व्यासंगी आणि पत्नीकडून वारंवार वंचित झालेला. जेम्स बाँडच्या भरभराटीच्या काळात असा नायक योजणे हीच एक टीका होती. तथापि कीर्ती लाभली ती ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ (१९६३) या तिसऱ्या कादंबरीने. पूर्व जर्मनीच्या हेरखात्यातील मुंट याचा काटा काढण्यासाठी लीमस या थकलेल्या इंग्रज हेराला फितुराचे सोंग देऊन पाठविण्यात येते. प्रत्यक्षात मुंट हाच लंडनचा माणूस असतो, आणि बळी द्यावयाचा असतो तो फीडलर या बुद्धिमान, निष्ठावंत ज्यू कम्युनिस्टाचा. शत्रूपक्षातही सज्जन असतात, एवढे सांगून लेखक थांबत नाही. त्या सज्जनाचा नाश आपल्या बाजूच्या खात्यात नफा म्हणून जमा होतो, आणि तो हिशेब चुकीचा आहे असेही वाचकाला छातीठोकपणे म्हणता येत नाही. कादंबरीचे सामर्थ्य या अडचणीत आहे.

त्याच वर्षाच्या जानेवारीत किम फिल्बी बैरूतहून मॉस्कोला पळाला होता. १९६८ मध्ये फिल्बीच्या आत्मवृत्ताला ग्रॅहम ग्रीनने सहानुभूतीची प्रस्तावना लिहिली. त्याच वर्षी फिल्बीविषयीच्या दुसऱ्या एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत ल कारेने त्याच्यावर कठोर आघात केले. निबंधात न मावलेली करुणा मात्र ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ (१९७४) मध्ये आली. तेथील फितूर बिल हेडन हा स्मायलीचा सहकारी, आणि त्याच्या पत्नीचा प्रियकरही. साम्राज्य चालविण्यासाठी घडविलेल्या मुलांच्या हाती साम्राज्यच उरले नाही, ही कॉनी सॅक्स या निवृत्त बाईची हळहळ या फितुरीवर प्रकाश टाकते. भारतीय वाचकाला हे स्थळ सहज ओलांडता येत नाही. ज्या साम्राज्याच्या अस्ताने ही माणसे अनाथ झाली त्याची दुसरी बाजू आपण आहोत, आणि ती बाजू येथे जवळजवळ नाहीच. स्मायली आणि त्याचा रशियन प्रतिस्पर्धी कार्ला यांची पहिली भेट दिल्लीच्या तुरुंगात होते. पण दिल्ली तेथे मुख्यतः उकाड्यापुरती आहे. ही उणीव धरूनही तो प्रसंग अपूर्व म्हणावा लागतो. कार्ला एक शब्दही बोलत नाही. बोलतो तो स्मायली, आणि शत्रूला फोडण्याच्या नादात आपल्या संसाराचे मर्म त्याच्या स्वाधीन करतो. पत्नीने भेट दिलेला त्याचा लायटर कार्ला घेऊन जातो. ‘स्मायलीज पीपल’ (१९७९) च्या अखेरीस मनोरुग्ण मुलीवरील मायेच्या फासात धरून कार्लाला बर्लिनमध्ये शरण आणले जाते. तो लायटर जमिनीवर पडलेला असतो. स्मायली तो उचलीत नाही. विजयासाठी आपण कार्लाचीच साधने वापरली, हे त्याला उमगलेले असते.

अपराध्याविषयीची ही जवळीक कोठून आली, याचा उलगडा ‘अ परफेक्ट स्पाय’ (१९८६) मध्ये होतो. लेखकाचा बाप रॉनी हा लोकांना ठकवून जगणारा, तुरुंगवास भोगलेला मनुष्य. मुलगा पाच वर्षांचा असताना आई घर सोडून गेली. कादंबरीतील रिक पिम हे त्या बापाचेच चित्र. त्याचा मुलगा मॅग्नस फितूर होतो तो कोणत्याही तत्त्वासाठी नव्हे; समोर असेल त्याचे प्रेम संपादन करण्याची बालपणीची सवय त्याला सुटत नाही. निवेदन कोठे कोठे पसरट झाले आहे हे खरे, तरी ल कारेची सर्वश्रेष्ठ कृती म्हणून मी हिच्याकडेच बोट दाखवीन.

१९८९ मध्ये बर्लिनची भिंत कोसळली आणि ल कारेचा विषय संपला, असे म्हटले गेले. मला वाटते, विषय उरला. तुटले ते अपराध्याशी असलेले नाते. ‘द कॉन्स्टंट गार्डनर’ (२००१) मध्ये केनियातील गरिबांवर क्षयाच्या औषधाचे घातक प्रयोग होतात आणि ब्रिटिश अधिकारी त्यावर पांघरूण घालतात. लेखकाचा संताप न्याय्य आहे. बागेत रमणाऱ्या जस्टिन क्वेलचा पत्नीशोकही हृदयस्पर्शी आहे. परंतु औषध कंपनी ही आरंभापासून परकी. तिच्या बाजूने उभे राहून पाहण्याची इच्छा लेखकाला होत नाही, आणि तिने पोळलेले आफ्रिकी लोकही बहुधा बळी म्हणूनच दिसतात. ‘ॲब्सोल्यूट फ्रेंड्स’ (२००३) मध्ये तर इराक युद्धावरील रोष अखेरच्या भागात कथानकालाच गिळून टाकतो.

‘अ लेगसी ऑफ स्पाइज’ (२०१७) मध्ये तो पुन्हा लीमसच्या मृत्यूकडे वळला. मृतांची मुले आता न्यायालयात दाद मागत आहेत, आणि त्या जुन्या हिशेबाची वही नव्या अधिकाऱ्यांपुढे उघडली आहे. वृद्ध स्मायली आपले समर्थन करताना युरोपचे नाव घेतो. ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल २०१६ मध्ये दिला होता, हे ध्यानात घेता या उत्तरात स्मायलीपेक्षा ल कारेचाच आवाज अधिक ऐकू येतो. फीडलरच्या मुलांनी असा दावा लावला असता तर स्मायली काय बोलला असता, ते कादंबरी विचारीत नाही.